आजच्या दिवशी तरी

गेल्या पंधरा ऑगस्टला मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहान गावात होतो. गावाचे नाव लिहीत नाही. जे घडले ते कुठेही घडते. शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झाले, लेझीम झाली, दोन मुलींनी पाठ केलेली भाषणे एका दमात म्हणून टाकली, बुंदीच्या पुड्या वाटल्या गेल्या. मग पंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्रामसभा. झेंड्याला चारेकशे माणसे होती, सभेला तीसेक उरली. विषयपत्रिका वाचून होते न होते तोच मागे बसलेली एक पन्नाशीची बाई उठली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडीवर घडी पडून चार तुकडे व्हायला आलेला वनहक्क दाव्याचा कागद. दाव्याचे काय झाले, एवढेच तिला विचारायचे होते. खुर्चीवर बसलेल्यांपैकी एकाने आवाज न चढवता, अगदी मायेने म्हटले, ‘ताई, आजच्या दिवशी तरी नको.’

बाई बसली. पिशवीला पुन्हा गाठ मारली. पुढचा विषय शाळेच्या कंपाउंडचा होता, तो मंजूर झाला, टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. मी काही बोललो नाही. माझ्या हातात बुंदीची पुडी होती.

ओरडून गप्प बसवले असते तर ती कदाचित भांडली असती आणि मलाही उठावे लागले असते. पण त्या चार शब्दांत दटावणी नव्हती, विनंती होती. आणि विनंतीला नाही म्हणणे आपल्याकडे फार अवघड. परतताना एसटीत बसल्यापासून मी त्या चार शब्दांशी भांडतो आहे. हा लेख म्हणजे तेच भांडण, जरा नीट मांडलेले.

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की राष्ट्रीय सणाविषयीचे वाद ठरल्याप्रमाणे सुरू होतात. डीपीला झेंडा कोणी लावला, कोणी नाही. राष्ट्रगीताला कोण उभे राहिले नाही. ध्वजारोहण आणि ध्वज फडकवणे यांत फरक काय, हा तर व्हॉट्सॲपवरचा वार्षिक श्राद्धविधीच झाला आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलून यंत्रावर विणलेला, पॉलिएस्टरचा झेंडा चालेल असे ठरले, तेव्हा नांदेडच्या खादीच्या झेंड्यांचे कसे होणार म्हणून चार दिवस हळहळ झाली. पुढच्या ऑगस्टात ‘हर घर तिरंगा’ आले आणि हळहळणाऱ्यांनीही दारात पॉलिएस्टर लावले. या सगळ्या वादांत कापड आहे, काठी आहे, उंची आहे, दिवस-रात्रीचे नियम आहेत. झेंड्याकडे बघत उभा असलेला माणूस मात्र कुठे दिसत नाही.

झेंडा म्हणजे नुसते कापड, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी आजोबांचा फेटा एकदा पायपुसणे म्हणून वापरून दाखवावा, मग बोलू. जोडून सुट्टी आली म्हणून तोरणमाळला जाणाऱ्यांवर माझा राग नाही. पावसाळ्यात तोरणमाळ सुंदरच असते. देश ही कल्पनाच जुनाट झाली असे सांगणाऱ्यांच्या खिशात पासपोर्ट असतो. माझे भांडण ‘आजच्या दिवशी तरी’वाल्यांशी आहे, कारण ते वाईट माणसे नाहीत. बऱ्याचदा ते आपणच असतो.

माझ्याविषयी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शोधत बसायला नको. राष्ट्रगीताच्या बावन्न सेकंदांत माझ्या घशात आजही काहीतरी अडकते. ते शहाद्याच्या बसस्टँडवर कर्ण्यातून ऐकू आले तरी पाय आपोआप जुळतात. हे मला ब्राह्मणपुरीच्या शाळेने दिले. खेतियाचा बाजार जवळ, म्हणजे मध्य प्रदेशही जवळ. राज्याची हद्द आमच्याकडे कापूस कुठे विकायचा एवढ्यापुरती असायची, पण देशाची कल्पना मात्र शाळेतल्या झेंड्याच्या खांबाएवढी सरळ आणि उंच होती. आदल्या संध्याकाळी गुरुजी झेंड्याची घडी घालायचे, घडीत फुलांच्या पाकळ्या भरायचे, सरकगाठ मारायचे आणि ती सुटते की नाही हे तीनतीनदा ओढून बघायचे. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. घरी इस्त्री नव्हती. आई पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून तो शर्टावरून फिरवायची. एका वर्षी ठिणगी उडाली आणि खिशाच्या वर, अगदी छातीवर, तपकिरी डाग पडला. दुसरा पांढरा शर्ट नव्हता. आईने त्या डागावर टाचणीने कागदी झेंडा लावून दिला. प्रभातफेरीत सगळ्यांनी माझ्या झेंड्याचे कौतुक केले. त्याच्याखाली काय होते ते मला आणि आईलाच माहीत होते.

माझ्या रांगेत एका सालदाराचा मुलगा असायचा. साल म्हणजे काय हे नव्या वाचकाला सांगायला हवे: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरणारी वर्षभराची चाकरी, अंगावर आधीच घेतलेली उचल, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या आखाजीला पुन्हा तोच मळा. प्रतिज्ञेत आम्ही दोघे एकमेकांचे बांधव होतो. प्रतिज्ञा संपल्यावर मी घरी जायचो आणि तो बापाची भाकरी घेऊन मळ्यात. पंधरा ऑगस्टची सुट्टी सालदाराला नसे.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हाची, १९७२ सालची गोष्ट. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव आणि दुष्काळ एकाच वर्षी आले. शाळेत सुकडी मिळायची, आणि प्रभातफेरीत घोषणा द्यायला तीच ताकद. त्याच वर्षी शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या प्रेरणेने आणि शहरांतून आलेल्या काही तरुणांच्या साथीने श्रमिक संघटना उभी राहिली आणि सालदारांनी मजुरीचा हिशेब मागायला सुरुवात केली. त्याच पंधरा ऑगस्टच्या ‘साधना’ विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ प्रसिद्ध झाला. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. वादळ उठले, दुर्गाबाई भागवतांसारख्या लेखिकेनेही निषेध केला. ढाल्यांनी दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्याला होणारा दंड. पहिला कमी होता, दुसरा जास्त. त्यांची भाषा मला आजही झेपत नाही, हे कबूल करतो. पण वाद भाषेवर झाला, झेंड्यावर झाला. दंडाच्या आकड्यावर तेवढा झाला नाही. ज्या घटनेवरून हे सगळे पेटले ती परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची. पुढे कॉलेजात तो लेख हाती आला तेव्हा त्या नावाने मी दचकलो, कारण माझ्या गावाचे नाव त्याच्या सख्ख्या भावाचे. दचकण्यापलीकडे त्याला अर्थ नाही, पण दचकलो खरा.

तेव्हाही ‘साधना’ला सांगितला गेलेला उपदेश वेगळ्या शब्दांत हाच होता: रौप्यमहोत्सवी अंकात तरी हे नको होते.

आता मूळ भांडणाकडे येतो. ‘आजच्या दिवशी तरी’ याच्या पाठीशी एक उपमा असते. ती बोलून दाखवली जात नाही, पण असतेच: आईच्या वाढदिवसाला कोणी घरातली भांडणे काढते का? उपमा गोड आहे. ती ज्या घरातून येते त्या घरात आईचा वाढदिवस होतो. आमच्याकडच्या कितीतरी आयांची जन्मतारीख एक जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. आणि ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांच्या आधार कार्डावर तीही नाही, फक्त साल. आणि सण म्हटला की तिथे गाऱ्हाणे चालत नाही, हे तरी कोणी ठरवले? खानदेशातल्या आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. त्या गाण्यांत काय असते? सासूचा जाच, नणंदेचे टोमणे, न्यायला लवकर न आलेला भाऊ. वर्षभराचे गाऱ्हाणे त्या एका दिवशी मोठ्याने, सगळ्या गावासमोर, चालीवर म्हटले जाते. कोणी म्हणत नाही, बाई, आखाजीच्या दिवशी तरी सासरचे नको. आखाजी असतेच त्यासाठी. तळकोकणात तर देवापुढे उभे राहून जे मागणे मागतात त्यालाच गाऱ्हाणे म्हणतात. तक्रार आणि प्रार्थना यांना एकच शब्द. परक्याविरुद्ध करतात ती तक्रार, आपल्यासमोर घालतात ते गाऱ्हाणे. पिशवीतला कागद घेऊन उठलेली बाई गाऱ्हाणे घालत होती. तिला देश परका वाटला असता तर ती झेंड्याला आलीच नसती, आणि सभेला तर नाहीच नाही.

यावर उत्तर तयार असते: बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस मोकळे आहेत की. (प्रजासत्ताक दिनही वगळायचा, म्हणून त्रेसष्ट.) हे उत्तर देणाऱ्याने ते त्रेसष्ट दिवस कधी मोजलेले नसतात. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, सर्व्हर डाऊन, पुढच्या सोमवारी या. धडगावकडच्या पाड्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी जाऊन येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर भाडे. दिवाळीनंतर तर अर्धा पाडा उसाच्या तोडीला गुजरातेत गेलेला असतो. त्याच्यासाठी मोकळे दिवस आणखी कमी. म्हणून दरवर्षी पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आले की जिल्ह्याजिल्ह्यांत एक प्रकार घडतो. कोणी आत्मदहनाचा इशारा देतो, कोणी झेंडावंदनाच्या मैदानाबाहेर उपोषणाला बसतो. पोलीस आदल्या रात्रीच नोटीस देतात किंवा माणसाला ठाण्यात आणून बसवतात. दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात ‘राष्ट्रीय सणाला गालबोट’ हे शब्द ठरलेले. त्या माणसांनी हाच दिवस का निवडला, हे विचारायला हवे ना? पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सगळे एका मैदानावर, ठरल्या वेळी, नक्की सापडतात असा दुसरा दिवस त्यांच्या पंचांगात नसतो. आत्मदहनाचे समर्थन मी करत नाही. पण त्याला गालबोट म्हणणाऱ्याला हे बोट कुठल्या काजळाचे आहे तेही दिसले पाहिजे.

आणि आता या उत्तराची पुढची पायरी आली आहे. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा भरवण्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्यावर आता शहाणी माणसे म्हणू लागली आहेत, की सभेत भांडणे होतात, हिशेब निघतात, कधी हातघाईवर येते, दिवसाचे पावित्र्य जाते. तेव्हा राष्ट्रीय सणाला सभाच नको, ती नंतर कधीतरी घ्या. म्हणजे झेंडा ठेवायचा आणि झेंड्याने जे दिले ते पुढे ढकलायचे. मला विचाराल तर झेंडावंदनानंतर अर्ध्या तासात त्याच गावात सरपंचाला ‘पैसे कुठे गेले’ असे विचारता येते, याहून पवित्र काही त्या दिवशी घडत नाही. ज्यांच्या राज्याविरुद्ध लढलो त्यांच्या राज्यात हे विचारता येत नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. बाई चुकीच्या दारात गेली नव्हती. तिला फक्त तारीख चुकली असे सांगण्यात आले.

तारखेचेच म्हणत असाल तर सव्वीस जानेवारी ही तारीख कुठून आली ते जरा आठवू. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा असे ठरले. त्या दिवशी गावोगाव एक प्रतिज्ञा वाचली गेली. आज ती कोणी वाचत नाही. वाचली तर ‘आजच्या दिवशी तरी’वाल्यांची पंचाईत होईल. कारण ती प्रतिज्ञा म्हणजे गाऱ्हाण्यांची यादी आहे. माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे. करांतले वीस टक्के शेतसाऱ्यातून आणि तीन टक्के मिठावरच्या करातून, आणि ते गरिबालाच जास्त बोचतात. सूतकताईसारखे खेड्यातले उद्योग बुडाले. जकात आणि चलन असे फिरवले की भार शेतकऱ्यावरच यावा. आपल्या पहिल्या राष्ट्रीय दिवसाचे मुख्य वाचन हे होते: कर, मजुरी, मीठ. १९३० पासून सतरा वर्षे देश तो दिवस असाच पाळत आला, आणि म्हणूनच २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेले संविधान अमलात आणायला दोन महिने थांबून तीच तारीख निवडली गेली. संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांनी विसंगतीविषयी जे बजावले ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुन्हा देत नाही. एवढेच सांगतो की तेही एका मोठ्या सोहळ्याच्या तोंडावर केलेले भाषण होते आणि त्यांना कोणी ‘आज तरी नको’ म्हटल्याचे मी वाचलेले नाही.

आमच्या खानदेशालाही हे नवे नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. तिथे उंच खांबावर झेंडा मध्येच अडकला आणि एका तरुणाने वर चढून तो मोकळा केला, ही गोष्ट सांगायला सगळ्यांना आवडते. त्याच मांडवात शेतसारा, खंड आणि कर्जबाजारीपणावर शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला, हे सांगताना आवाज खाली जातो. झेंडा वर आणि गाऱ्हाणे खाली, अशी वाटणी तेव्हा झाली नव्हती.

मग शेवटचे अस्त्र निघते: हुतात्म्यांची तरी लाज बाळगा. नंदुरबार जिल्ह्यात हे अस्त्र फार चालते, कारण आमच्याकडे शिरीषकुमार आहे. ९ सप्टेंबर १९४२, माणिक चौक, पंधरा वर्षांचे पोर. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमार घरात गुजराती बोलायचा आणि त्या दिवशीच्या घोषणाही गुजरातीत होत्या, हे मराठी अस्मितेवर भाषण देताना सोयीने गळते, असो. पण त्याची लाज म्हणजे काय? मिरवणुकीला बंदी होती. आजच्या दिवशी तरी घरी जा, असे त्यालाही बंदुकीच्या पलीकडून सांगितले जात होते. तो गेला नाही, एवढ्यासाठीच आपण त्याला हार घालतो. आणि त्याच्या स्मारकाला हार घालून झाल्यावर त्याच जिल्ह्यात कोणी उठून प्रश्न विचारला की त्याला म्हणायचे, बस खाली. स्मारकाला कळत नाही, हे आपले नशीब.

इथे एक बाहेरचे चित्र आठवते. १५ ऑगस्ट २०१७ ला आसामच्या धुबरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत पुराचे पाणी होते. मुख्याध्यापक आणि छातीभर पाण्यात उभी दोन लहान मुले झेंड्याला सलाम करताहेत, असा फोटो देशभर फिरला. लाखो लोकांनी तो पुढे पाठवला, मीही पाठवला. डोळे भरून आले, असे खाली लिहिले. पुढच्या जुलैत आसामच्या नागरिक नोंदवहीचा मसुदा आला, आणि त्या दोघांतल्या एका मुलाचे नाव त्यात नव्हते. ज्या फोटोने आपले देशप्रेम सिद्ध झाले, त्या फोटोतल्या मुलाला आपले नागरिकत्व सिद्ध करायची पाळी आली. नावाचे तर झालेच, पण त्याआधी, फोटो पाठवताना, मला एक साधा प्रश्न सुचला नाही: पोरे पाण्यात का उभी आहेत? पाणी दरवर्षी का चढते? आजच्या दिवशी तरी तो सुचायला नको होता, बहुतेक. आणि मी ज्या जिल्ह्यात राहतो तिथे पाण्याचा प्रश्न विचारायला आसामला जावे लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातले सगळ्यात आधी गेले ते आमच्या अक्कलकुव्याचे मणिबेली.

एवढे सगळे लिहूनही मी झेंडावंदन चुकवत नाही. काही मित्र चुकवतात; म्हणतात, असल्या ढोंगात उभे कशाला राहायचे. मला ते पटत नाही. ज्या जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत, तिथे झेंड्याखालच्या रांगेत पहिल्यांदाच बूट घालून उभ्या असलेल्या पोरीचा आनंद ढोंग म्हणायचा? तिच्या आजीला सातबाऱ्यावर, मतदार यादीवर, शाळेच्या पटावर कुठेच नाव नव्हते. पोरीचे पटावर आहे, आणि ती लेझीम फार छान खेळते. माझ्या मनात जे आहे ते दोन्ही आहे, आणि दोन्ही खरे आहे; कागदी झेंडाही खरा होता आणि त्याखालचा डागही.

तेव्हा अडचण दिवसात नाही. मला वाटते, ती आपल्या क्रियापदात आहे. आपण पंधरा ऑगस्ट ‘साजरा’ करतो. मराठीत साजरे काय करतात? सण, वाढदिवस, विजय. जे पूर्ण झाले, हाती आले, ते. साजऱ्या गोष्टीत उणे काढणे अशोभनीय, हे मान्यच. लग्नाच्या मांडवात वरणात मीठ कमी आहे असे ओरडू नये. पण जुन्या माणसांच्या तोंडी आणखी एक क्रियापद होते: दिवस ‘पाळणे’. उपास पाळतात, सुतक पाळतात, पथ्य पाळतात, जनावर पाळतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, शब्द पाळतात. पाळायच्या गोष्टीत काम शिल्लक असते. दूध देते म्हणून गाय पाळतात, पण पाळणे म्हणजे दूध पिणे नव्हे; शेण काढणे, वैरण घालणे, रात्री उठून बघणे. आणि शब्द तर साजरा करताच येत नाही. दिलेला शब्द एकतर पाळला जातो किंवा मोडतो.

हा फरक शब्दच्छल वाटेल. वाटू दे. १९३० चा दिवस पाळला गेला होता, कारण तो दिवस म्हणजे एक शब्द होता. १९५० नंतर हळूहळू, कोणी मुद्दाम न करता, तो साजरा होऊ लागला. संचलन आले, चित्ररथ आले, बुंदी आली. बुंदी वाईट नव्हे. पण सण म्हटल्यावर गाऱ्हाणे आगाऊ ठरले आणि व्रत म्हटल्यावर तेच गाऱ्हाणे विधी ठरले असते. आमच्या तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, सोहळा झाला. तो साजरा झाला यात शंका नाही. बारा आकडे मिळाले. त्या बारा आकड्यांमागचा शब्द पाळला जातो आहे का, हे विचारायला मात्र पुन्हा ग्रामसभेतच यावे लागते, आणि तिथे तारीख आडवी येते.

मला हे क्रियापद पुस्तकातून सापडलेले नाही. सातपुड्यातल्या होळीने दाखवले. काठी गावच्या होळीचे फोटो तुम्ही पाहिले असतील: मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे, अंगावर राखेचे ठिपके, रात्रभर ढोल. शहरातले कॅमेरे ती एक रात्र टिपायला येतात. पण बुध्या किंवा बावा होऊन नाचणारा माणूस त्या रात्री एकदम नाचायला उभा राहत नाही. त्याने आधी काही दिवस ‘पालनी’ केलेली असते. जमिनीवर झोपायचे, पायात काही घालायचे नाही, बायकोपासून दूर राहायचे, स्वतःच्या हातचे खायचे. नवस असतो, कोणाच्या आजारपणाचा, कोणाच्या शेताचा. म्हणजे गाऱ्हाणेच. पालनी ज्याची मोडली त्याला नाचायचा अधिकार नाही. आधी पाळायचे, मग साजरे. आणि पाळल्याशिवाय साजरे करणाऱ्याला तिथे कोणी रिंगणात घेत नाही. याच डोंगराच्या कुशीत, तळोद्याजवळच्या मोरवडला, १९३७-३८ च्या सुमारास गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमायचे आणि एकमेकांना भेटले की ‘आप की जय’ म्हणायचे. समोरच्या माणसाचाच जयजयकार. दारू सोडायची, शब्द पाळायचा आणि समोरच्याला जय म्हणायचे. माझ्या मते या जिल्ह्याने देशभक्तीला घातलेली ही भर आहे, आणि ती कुठल्याही चित्ररथावर बसत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, ते मी महिन्याभराने विचारले. ग्रामसभा त्या दिवशी गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती, असे कळले. कंपाउंडच्या टाळ्या मी ऐकल्या होत्या, पण कागदावर सभा नव्हतीच. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ती नंतर झाली, दहाबारा जण होते, बाई मजुरीला गेली होती.

येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले की लगेच घरी जाऊ नका, एवढेच सांगायचे आहे. बुंदी घ्या आणि शेडमध्ये बसून खा. कोणी पिशवी घेऊन उठले तर त्याला बोलू द्या. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, जे कमी असेल ते. झेंड्याला तेवढी असतातच.